सहावी फळी

माझ्या भावाच्या मुलीचं, सुगंधाचं, बारसं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. बारसं ज्येष्ठात झालं आणि हे घडलं श्रावणात, नारळी पौर्णिमेला. पोर तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिन्यांची होती.

आदल्या दिवशी, चतुर्दशीला, सकाळीच म्हादू तांडेल आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळ्यांची पुडी, आणि मागे गड्याच्या डोक्यावर फळ्यांची मोळी. गड्याने मोळी पडवीत टाकली आणि तो निघून गेला. म्हादूकाका म्हणाला, "मंजुळे, दोन दिवस माझ्याबरोबर चल. पुळणींना नावं लावायची आहेत."

तोंडावर मी त्याला काका म्हणे आणि अहो-जाहो करी. मनात तो अकरा वर्षं एकेरीवरच होता.

काम असं होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून कोणी साहेब यायचे होते, समुद्रकिनारे बघायला. शहरातली माणसं पोहायला, वाळूत बसायला गाडी करून कुठे कुठे जातात, त्यात आमच्या करंजबंदराचं नाव लागावं अशी म्हादूकाकाची खटपट चालली होती. पंचायतीत त्याचा शब्द चाले. गावाच्या दोन्ही अंगांना मिळून आमच्या सहा पुळणी. साहेबांना प्रत्येक पुळणीवर नाव दिसावं म्हणून त्याने तालुक्याहून निळ्या फळ्या रंगवून आणल्या होत्या. मला बोलवायचं कारण म्हणजे, पुरुषांना समुद्र होडीतून ठाऊक, पण पायी कुठून उतरायचं, कुठे वाळू रुतते, ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो, हे तिसऱ्या नि कालवं असले शिंपले काढणाऱ्या आम्हा बायकांनाच माहीत. शिवाय त्याचा डावा गुडघा धरलेला होता. फळ्या वाहायला कोणीतरी हवंच होतं.

मी मोळी डोक्यावर घेतली आणि निघाले.

त्या दिवशी आम्ही पाच पुळणी केल्या. गावासमोरची थोरली पुळण सुरूच्या झाडांपर्यंत अर्धा मैल सरळ जाते. तिथे पहिली फळी ठोकली. पुढे दोन टेकड्यांच्या बेचक्यात धाकटी पुळण, तिची वाळू इतकी बारीक की मुठीत राहत नाही. मग काळी पुळण. ती उन्हाने तापली की पाय भाजतात. म्हादूकाका म्हणाला, इथे साहेबांना बूट काढायला सांगायचं नाही. पुढे जाताना तो साहेबांना काय सांगायचं ते पाठ करत होता, लग्नात मंगलाष्टकं म्हणायची असल्यासारखं.

कुर्ल्यांच्या पुळणीवर तो थांबून म्हणाला, "ही बघा साहेब, पहाटे इथली सगळी वाळू लाल दिसते. कुर्ल्या बाहेर येतात."

मी म्हटलं, "साहेब पहाटे उठतो का पण?"

"नाही उठला तर कुर्ल्यांना दुपारी बोलावू. पंचायतीची नोटीस काढली की येतील."

तो स्वतःच हसला. मीही हसले. अकरा वर्षांत मला त्याच्याबरोबर हसायची सवय झाली होती. मी त्याच्या घरी बांगडे सुकवले, त्याच्या दोन्ही मुलींच्या लग्नांत हळद कुटली. गावाला वाटे, मंजुळा विसरली. त्यालाही तसंच वाटलं असावं.

प्रत्येक फळी ठोकायच्या आधी तो अक्षरांखाली बोट फिरवून मोठ्याने वाचून दाखवी. मला अक्षर येत नव्हतं. निळ्यावर पांढरं काही लिहिलंय, एवढंच दिसे. सहावी फळी मात्र गोणपाटात गुंडाळलेली होती, वर सुतळी बांधलेली. ती त्याने मला उचलूही दिली नाही, दिवसभर स्वतःच्या काखेत बाळगली.

"हिच्यावर काय आहे?" मी विचारलं.

"ही पैलपुळणीची. उद्या सकाळी लावू. कळेल तेव्हा."

असं म्हणून तो गालात हसला. मला वाटलं, ह्याने स्वतःचं नाव घातलं असणार. धक्क्याच्या पायऱ्या बांधल्या तेव्हा सिमेंटात आपलं नाव कोरून घेतलं होतं त्याने. वाडीच्या विहिरीवरही त्याचं नाव होतं, असं विश्राम सांगे. विश्राम म्हणजे माझा धाकटा भाऊ, सुगंधाचा बाप.

पैलपुळणीवर म्हादू तांडेलाचं नाव. फळ्या संपल्या होत्या तरी घरी जाताना माझ्या डोक्यावर ओझं होतं.

आता मागचं सांगते.

करंजबंदरात नारळाचा मान दोनच घरांचा. एक आमचं, एक तांडेलांचं. पौर्णिमेला भरती माथ्यावर आली की मानकरी सोनेरी कागदाचा नारळ घेऊन होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा राहतो, चौघे वल्हवतात, आणि नारळ समुद्राला दिला की गावाच्या होड्या पुन्हा सुटतात. रीत अशी होती की मान एका घराच्या हातून सुटला, तर दुसऱ्या घराकडे जाई आणि त्या घराच्या हातून सुटेपर्यंत तिथेच राही. आजारपण, परगाव, उशीर, कसलीही सबब चालत नसे. आमच्या घराच्या हातून तो तीन पिढ्यांत सुटला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगी झाली. अठरा दिवस जगली आणि नेमकी चतुर्दशीच्या पहाटे गेली. ज्या घरातून मयत निघेल त्या घराने दहा दिवस नारळाला हात लावायचा नाही, हाही गावाचा नियमच. माझ्या बापाने, पुनाजी नाटेकराने, आयुष्यात एकच खोटं केलं ते तेव्हा. कोणाला कळू न देता त्याने बाळाला पंच्यात गुंडाळलं आणि ओहोटीचा दांडा उतरून पैलपुळणीवर नेलं. तिथे उंडीचं एक जुनं झाड आहे. त्याच्या मुळाशी पुरलं. बाप बाळाला छातीशी धरून बसला आणि खड्डा त्याच्या जिवलग मित्राने खणला. मित्र म्हणजे म्हादू तांडेल. दोघांनी झाडाला हात लावून शपथ घेतली की ही गोष्ट इथेच राहील.

दुसऱ्या दिवशी बाप नारळ घेऊन होडीकडे निघाला. सगळा गाव पुळणीवर. ढोल वाजत होते. म्हादू तांडेल पुढे झाला आणि म्हणाला, "पुनाजी, नारळ खाली ठेव. तुला सुतक आहे."

ढोल थांबले. बापाने नारळ वाळूत ठेवला. मी ओली बाळंतीण, घरात होते. बाहेर वाद्यं अचानक बंद झाली तेवढं मला ऐकू आलं. माझ्या मुलीचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं, आणि ती गेल्याचं गावाला असं कळलं.

नारळ तांडेलांच्या घरी गेला. बापाने खाटेची दिशा फिरवून घेतली, पाय समुद्राकडे येऊ नयेत नि डोळेही, आणि चैत्रात तो भिंतीकडे तोंड करूनच गेला. नवरा मुंबईला गिरणीत होता. त्याने मला परत नेलं नाही. मी माहेरीच राहिले आणि वाट बघत राहिले. कशाची, ते मला फळ्या ठोकून घरी आले त्या चतुर्दशीला संध्याकाळी कळलं.

पौर्णिमेला उजाडताच आम्ही निघालो. पौर्णिमेची ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला तळाला जाते. तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडतो आणि त्यावरून पैलपुळणीवर चालत जाता येतं. दीड-दोन तासांत उधाणाचं पाणी असं चढतं की दांड्यावर दोन पुरुष पाणी. मग तो उघडतो थेट दुपारी चारनंतर. मागे उभा कडा, केतकीचं रान. जमिनीने वळसा घालून यायचं तर खाडी तरीच्या होडीने ओलांडावी लागते, आणि नारळ पडेपर्यंत त्या दिवशी ती होडी बंद असते. नारळ पडायचा बाराला.

दांडा पावसाळ्यात दरवर्षी जागा बदलतो. मी पुढे, तो माझ्या पावलांवर पाऊल ठेवत मागे, काखेत गोणपाट. अर्ध्यावर आलो तेव्हा तोच म्हणाला, "अकरा वर्षं झाली, नाही गो?"

मी म्हटलं, "तुमच्या लक्षात आहे?"

"खड्डा मी खणला होता."

थोडं चालल्यावर मी विचारलं, "मग बोललात कशाला, काका?" अकरा वर्षांत हे मी पहिल्यांदा विचारत होते.

तो थांबला. पाणी त्याच्या घोट्याला लागत होतं. "होडीत चार माणसं होती वल्ह्यांना. सुतकाच्या हाताने नारळ गेला असता आणि समुद्राने त्यातला एक जरी ठेवून घेतला असता, तर पुनाजीने काय केलं असतं? मी काय केलं असतं? रात्रभर झोपलो नव्हतो मी."

"आणि मान तुमच्या घरी आला."

"आला," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही."

एवढंच बोलणं झालं. त्याने आणखी दोन शब्द बोलावेत असं मला वाटलं होतं का, हे आज सांगता येत नाही.

पैलपुळण आमच्या सगळ्या पुळणींत देखणी. अर्धचंद्रासारखी, वाळू पिवळी, आणि माणसाचं पाऊल नाही. म्हादूकाका सरळ उंडीच्या झाडाकडे गेला. इकडे-तिकडे पाच-सात माड होते, सुरू होते, पण त्याने तेच झाड निवडलं. खोडावर हात फिरवून खिळा कुठे बसेल ते तो बघायला लागला. त्या झाडाला खिळा. त्याच्या मुळाशी काय आहे ते जगात आता आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मी तोवर खडकापलीकडे तिसऱ्या बघते."

"बघ. पण पाणी त्या काळ्या खडकाला लागलं की हाक मार. माझं लक्ष ह्या फळीत असेल. नीट लावायची आहे. झाली की तुला बोलावतो, मग बघ."

"मारते की हाक," मी म्हणाले.

मी खडकापलीकडे गेले. तिसऱ्या काढल्या नाहीत. पाण्याकडे बघत बसले. काळ्या खडकाला पाणी लागलं. मी बघत राहिले. मग उठले आणि दांड्यावर उतरले. पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि ओढ चांगली होती, पण वाट माझ्या पायांना ठाऊक होती. मागे हातोडीचे ठोके ऐकू येत होते. एक, दोन, मग थांबून पुन्हा. तो फळी सरळ करत असावा. मी अलीकडे पोचले तेव्हा ठोके थांबले. मग त्याची हाक आली. "मंजुळे! ये, बघ!"

मी वळले नाही. पुढच्या हाका वाऱ्याने खाल्ल्या.

घरी आले तेव्हा विश्राम सुगंधाला मांडीवर घेऊन बसला होता. तिला ताप होता. भावजय इंदू तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मी म्हटलं, विश्राम, आंघोळ कर, धुतलेलं धोतर नेस. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, पौर्णिमा आहे म्हणून. विश्राम भोळा होता. त्याने धोतर नेसलं.

साडेअकराला सगळा गाव थोरल्या पुळणीवर जमला. होडी सजवून तयार, केळीचे खांब, आंब्याचे डहाळे. चौघे वल्हेकरी कंबरेला फडकी बांधून उभे. गुरवाच्या हातात तबक आणि तबकात सोनेरी नारळ. फक्त म्हादू तांडेल नव्हता.

माणसं घरी धाडली, धक्क्यावर धाडली. कोणी म्हणालं, पहाटे मंजुळेबरोबर गेला होता. सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं की फळी लावून झाल्यावर मी तिसऱ्यांना वळले, ते म्हणाले तू हो पुढे, मी मागून येतो. खोटं सांगताना माझा आवाज हलला नाही. बाप एका खोट्याने मेला होता. माझं मला पचलं.

नारळ पडल्याशिवाय कोणाची होडी सुटायची नाही, म्हणून पलीकडे बघायला कोणी जाऊ शकलं नाही. भरती माथ्यावर आली. गुरव म्हणाला, आता थांबता येणार नाही, पाणी फिरेल. म्हातारे एकमेकांशी बोलले. मग गुरव तबक घेऊन वाळूतून चालत आला आणि विश्रामसमोर उभा राहिला. अकरा वर्षांपूर्वी जिथे ढोल थांबले होते तिथेच आज ढोल वाजत होते, आणि नारळ नाटेकरांच्या दारी परत आला होता. सकाळपासून पोटात गेलेलं काही नव्हतं, तरी माझं पोट भरलं.

विश्रामने नारळ घेतला नाही. समुद्राकडे बघत तो मला हळूच म्हणाला, "ताई, बार बरी दिसत नाही आज."

खाडीच्या तोंडापुढे लाटा फुटतात त्या रेघेला आम्ही बार म्हणतो. त्या दिवशी ती पांढरी शुभ्र दिसत होती आणि तिचा आवाज ढोलांच्या वर येत होता.

"म्हादूकाका अशा वेळी अलीकडूनच सोडतो," विश्राम म्हणाला. "दोन वर्षांमागे सोडला होता तसा. मीही तसंच करतो."

मी म्हटलं, "दाजी बारीपलीकडे जाऊन सोडायचे." दाजी म्हणजे आमचा बाप. "अकरा वर्षांनी मान आलाय. तांडेलासारखा अलीकडून टाकू नकोस."

"पोरीला ताप आहे गं."

"तिला मी बघते. जा. लोक बघतायत."

तो गेला. होडीत चढताना त्याने एकदा मागे वळून बघितलं आणि हसला. नाळेवर उभा राहिला तो अगदी दाजींसारखा दिसला. तीच पाठ, तेच खांदे. होडी बारीशी गेली. वल्हेकऱ्यांनी हात थांबवले, ते आम्हाला किनाऱ्यावरून दिसलं. विश्रामने हात पुढे केला, आणखी पुढे, असा. मग होडी बारीत शिरली.

पहिली लाट ती चढली. दुसरी आली तेव्हा विश्राम नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून होता. दोन्ही हातांनी. धरायला तिसरा हात नव्हता. होडी आडवी झाली, तिला बाजूने तोलून धरणारी उलांडी मोडली, आणि मग पांढऱ्या पाण्यात काही दिसेना.

वल्हेकरी चौघेही पोहत आले. एकाचा खांदा निखळला होता. विश्राम आला नाही.

होड्या सुटल्या, पुरुष शोधायला गेले. इंदू वाळूत बसली होती, पोर तिच्या मांडीवर रडत होती. कोणी म्हणालं, ओढ पैलपुळणीकडे आहे, पण बार बसेपर्यंत होडी तिकडे लागायची नाही. मी ते ऐकलं आणि दांड्याकडे चालत गेले. दांडा उघडायला अजून अवकाश होता. मी काठावर उभी राहिले. पाणी कमरेला येईल इतकं उतरल्यावर मी घुसले.

म्हादू तांडेल उंडीच्या झाडाखाली बसला होता. विश्रामचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मोडक्या उलांडीच्या दोरात विश्रामचा हात अडकला होता, म्हणून समुद्राने त्याला तळाशी नेलं नव्हतं, तरंगत आणून सोडलं होतं. म्हाताऱ्याने त्या गुडघ्याने लाटेत जाऊन त्याला बाहेर ओढलं होतं. त्याचे स्वतःचे कपडे अंगावर वाळून मिठाने पांढरे झाले होते. विश्रामच्या तोंडातली वाळू त्याने बोटाने काढली होती आणि डोळे मिटले होते.

मी समोर उभी राहिले. त्याने वर बघितलं.

"जीव नव्हता गो," तो म्हणाला. "मी ओढला तेव्हा नव्हताच."

मग त्याने विचारलं, "नारळ ह्याच्या हातात होता?"

मी मानेनेच हो म्हटलं.

 त्याच्या डोक्यावर खोडाला निळी फळी होती, चार खिळ्यांनी बसवलेली, अगदी सरळ. पांढरी अक्षरं होती. मी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा भावाकडे बघितलं.

होड्या आल्या. माणसांनी विश्रामला उचललं. गुरवाने म्हादू तांडेलाला विचारलं, काका, तुम्ही होतात कुठे?  मी वाट बघत होते. त्याने अकरा वर्षांपूर्वी बोलायला एक क्षण घेतला नव्हता. आता बोलला असता तर गावाने मला दगड मारले असते, आणि मला ते हवेसे झाले होते.

तो म्हणाला, "पाणी फिरलेलं माझ्या ध्यानात आलं नाही. मंजुळेने हाक मारली होती. मला ऐकू आली नाही."

पुढे सगळं गावाने केलं. साहेब दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. म्हादू तांडेलाने मान परत घ्यायला नकार दिला आणि तेव्हापासून आमच्या गावात नारळ किनाऱ्यावरून सोडतात, जो हात पुढे येईल त्याने. आमच्या घरी त्याने कधी तांदूळ धाडले, कधी पोरीला झबलं. इंदू ते घेई आणि म्हणे, देवमाणूस. मी तेच तांदूळ शिजवून खात असे. एक दिवससुद्धा मी त्याला "का नाही सांगितलंत" असं विचारलं नाही, आणि "हाक का नाही मारलीस" असं त्याने मला विचारलं नाही. वाटेत भेटलो तर तो आधी बाजूला होई. त्याचा मला संताप येई. बोलून त्याने बाप नेला होता, आणि गप्प राहून मला बांधून घातलं होतं.

सुगंधा चौथीत गेली तेव्हा तिला मास्तरणीचं खेळायला कोणीतरी हवं होतं. मी चाळिशी उलटलेली. ती चुलीपुढे राखेत अक्षर काढी आणि मला गिरवायला लावी. चुकलं की पट्टी उगारी. "आत्या, हा प पोटफुगा झाला. पुन्हा काढ." वर्षभरात मला जोडून वाचता यायला लागलं. घरात पुस्तक नव्हतं. वाचायचं काय? मग मी तिसऱ्या काढायला जाताना पुळणींवरच्या फळ्या वाचायला लागले. ऊन-पाण्याने त्या फिकट झाल्या होत्या, पण लागत होत्या. थो-र-ली. धा-क-टी. एका फळीला एक सकाळ.

सहावीकडे मी सगळ्यांच्या शेवटी गेले. दांडा उतरून, एकटी. उंडीखाली उभी राहून अक्षरांखाली बोट फिरवलं, त्याने फिरवलं होतं तसं. म्हादूचं नाव असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी वरच्या ओळीत आधी म शोधला. म नव्हता.

"पुनाजीची पुळण", असं लिहिलं होतं. आणि खाली बारीक अक्षरांत, "नारळाचे मानकरी".

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं नाही.

परत येताना तांडेलांच्या घरावरून आले. तो ओट्यावर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पावलांवरून त्याने ओळखलं.

मी म्हटलं, "फळी वाचली."

"कोणी वाचून दाखवली?"

"मीच वाचली."

त्याने मान डोलावली. "मग?"

"खिळे गंजलेत," मी म्हणाले.

"नवे मार," तो म्हणाला.

मी मारले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात फळी पडली आणि कुठे वाहून गेली ते कोणाला कळलं नाही. आता तिथे लोखंडी पाटी आहे, मोटारी भरून माणसं येतात, होडीने पलीकडे जातात, उंडीच्या सावलीत जेवतात. पाटीवर वेगळंच काही नाव आहे. सुगंधाची नातवंडं तिथे वाळूचे किल्ले करतात. तिला मी यातलं काही कधी सांगितलं नाही. तिनेच शिकवलेल्या अक्षरांनी लिहून ठेवलं आहे. वही तिच्याच हाती पडेल.

माझी मुलगी श्रावण शुद्ध चतुर्दशीला पहाटे गेली, अठरा दिवसांची. माझा बाप पुनाजी नाटेकर पुढच्या चैत्रात गेला. माझा भाऊ विश्राम त्यानंतरच्या अकराव्या नारळी पौर्णिमेला, दुपारी बारानंतर, करंजबंदरच्या बारीत बुडून गेला. एकोणतीस वर्षांचा होता. म्हादू तांडेल विश्राममागे सोळा वर्षांनी, माघ महिन्यात, आपल्या अंथरुणात गेला.